लांबच्या प्रवासाला निघताना गाडीच्या डिकीत काय असावे?

महामार्गालगतच्या गॅरेजवाल्यांच्या हाताला बरेचदा तोड नसते. अडतं ते पार्टवर. संध्याकाळी सातनंतर छोट्या गावात तुमच्याच मॉडेलचा फॅनबेल्ट मिळेल याची खात्री नसते. मग माणूस रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला पाठवायचा आणि तोवर लेकराबाळांसकट रस्त्यावर बसायचं. म्हणून डिकी भरताना कसोटी सोपी ठेवा. ही वस्तू मला पुढच्या गॅरेजपर्यंत पोचवेल का? किंवा गॅरेजवाल्याकडे नसेल अशी ती आहे का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर ती घरीच राहू द्या.

१. आधी स्टेपनी खाली काढून बघा

निघायच्या आदल्या रविवारी हे काम करा. स्टेपनीतली हवाही हळूहळू कमी होते आणि पेट्रोल पंपावर हवा भरताना तिच्याकडे कुणी बघत नाही. चार चाकांपेक्षा दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्तच भरून ठेवा. गाडीबरोबर बारीक, तात्पुरती स्टेपनी आली असेल तर तिचा दाब वेगळा असतो, बहुधा ६० पीएसआय, आणि ती लावून ताशी ८० किमीच्या वर जायचं नसतं. दोन्ही आकडे तिच्या अंगावरच छापलेले असतात. टायरवर चार अंकी शिक्काही सापडेल: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेली स्टेपनीही म्हातारी होते.

अर्टिगा, इनोव्हासारख्या गाड्यांत स्टेपनी बाहेरून, गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. डिकीतल्या भोकातून दांडा घालून बोल्ट फिरवला की ती खाली उतरते. कोकणातला एक पावसाळा काढला की हाच बोल्ट चिखलाने आणि गंजाने असा आवळतो की रस्त्यावर तो सुटता सुटत नाही. वर्षातून एकदा स्टेपनी उतरवा आणि बोल्टला ग्रीस लावा. सीएनजी गाडीत सिलिंडर डिकीत बसल्यावर जॅक आणि पाना कुठे गेलेत, तेही आत्ताच शोधून ठेवा.

२०२० मध्ये नियम बदलले. टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस दुरुस्तीचं किट असलेल्या गाडीला स्टेपनीची सक्ती उरली नाही. तुमच्या गाडीत स्टेपनी मुळात आहे का, हेही डिकीचा गालिचा उचलून बघा.

२. घराच्या अंगणात एकदा चाक बदला

माझ्या मते हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच सगळे टाळतात. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि बदलायच्या चाकाच्या कर्णरेषेतल्या चाकाला दगड लावा. नट जॅक लावण्याआधीच अर्धा फेरा सैल करायचे, नाहीतर चाक हवेत गरगर फिरत राहतं. कंपनीचा पाना आखूड असतो. त्यावर पाय देऊन उभं राहूनही नट हलत नसेल, तर लांब दांड्याचा पाना किंवा त्या पान्यावर चढणारा लोखंडी पाइप घ्या. अलॉय व्हीलला लॉकनट असेल तर त्याची चावी, म्हणजे तो छोटासा सॉकेट, ग्लव्ह बॉक्समध्येच ठेवा. ती नसली तर जगातला कुठलाही पाना उपयोगाचा नाही.

जॅक दाराखालच्या पट्टीवर, चाकाजवळच्या दोन खाचांच्या मधेच लावायचा. त्याच्याखाली घालायला फूटभर लांबीची जाड फळी डिकीत असू द्या, पावसात मऊ झालेल्या साइडपट्टीत जॅक सरळ आत रुततो. काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी त्याच्यावर टेकेल, तुमच्या हातावर नाही. नट समोरासमोरचे आवळत जा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना फिरवा.

३. पंक्चरचं किट आणि हवेचा पंप

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला म्हणजे तो लगेच उपटायचा नाही. बरेचदा तोच भोक बुजवून धरतो. लायटरच्या सॉकेटवर चालणारा १२ व्होल्टचा पंप असेल, तर हवा भरून दुकानापर्यंत जाता येतं. तेही जमणार नसेल तर खिळा पकडीने काढा आणि किटमधला रीमर, म्हणजे खरखरीत सळई, भोकात घालून पाच-सहा वेळा पुढेमागे करा. सुईच्या नाकात पट्टी ओवा, सोल्यूशन लावा, दोन तृतीयांश आत ढकला आणि सुई झटक्यात बाहेर ओढा. वर राहिलेली टोकं कापा आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. हे फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागापुरतं. टायर बाजूने फाटला असेल तर पट्टी लावण्याच्या नादी लागू नका, स्टेपनीच चढवा.

४. बॅटरी, फ्यूज, बल्ब

जम्पर केबल जाड तारांची घ्या, स्वस्तातली बारीक केबल नुसती तापते. जोडायचा क्रम कागदावर लिहून केबलच्या पिशवीतच ठेवा. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना हाच क्रम उलटा.

फ्यूजचा छोटा संच शर्टाच्या खिशात मावतो. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. जळालेल्याच्या जागी मोठा फ्यूज कधीही घालू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते. हेडलाइटला साधा बल्ब असेल तर एक जादा ठेवा, रात्री आंबा घाट एका दिव्यावर उतरायची वेळ येऊ नये. रिमोट चावीचा गोल सेल, बहुतेक चाव्यांत सीआर २०३२, हाही घ्या.

५. बेल्ट, कूलंट, ऑइल

फॅनबेल्ट बदलणं आजच्या गाड्यांत रस्त्यावर आपल्याला जमेलच असं नाही. तरी तो जवळ ठेवाच. हात गॅरेजवाल्याचे, बेल्ट तुमचा. चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा चढू लागला तर थांबा, बेल्ट तुटला असेल. कित्येक गाड्यांत इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो. जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी असेल तर क्लच वायरही जवळ असावी.

एक लिटर कूलंट, गाडीत आहे त्याच ग्रेडचं एक लिटर इंजिन ऑइल, होज क्लिप, इन्सुलेशन टेप, केबल टाय आणि थोडी बांधायची तार, एवढं पुरे. गाडी गरम झाली तर बोनेट उघडून अर्धा तास थांबा. गरम रेडिएटरचं झाकण काढलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. कूलंट संपलं तर साधं पाणीही गॅरेजपर्यंत चालतं, म्हणून पाच लिटरचा कॅन भरलेला ठेवा. पेट्रोल मात्र कॅनमध्ये घेऊन फिरू नका.

टोचन करायची वेळ आली तर दोर हवाच. पण तो अडकवायचा हूकही गाडीच्या टूलकिटमध्ये सुटा असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण उघडून तो फिरवून बसवावा लागतो, हे अनेकांना माहीत नसतं. हाही अंगणातच बसवून बघा.

६. हे मात्र हाताशी, सामानाखाली नाही

त्रिकोणी रिफ्लेक्टर, चमकणारं जॅकेट, डोक्याला लावायची बॅटरी, हातमोजे आणि प्रथमोपचाराची पेटी. गाडी बंद पडली की आधी चारही इंडिकेटर लावा आणि सगळ्यांना डाव्या दारांनी उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. त्रिकोण किमान ५० मीटर मागे, म्हणजे सत्तरेक पावलं. घाटात तो वळणाच्या अलीकडे लावा, वळण घेतल्यावर दिसून उपयोग नाही. द्रुतगती मार्गावर चाक ट्रॅफिकच्या बाजूचं असेल तर ते बदलायला बसूच नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ किंवा कुठेही ११२ लावा. चाकाला लावलेले दगड आणि खुणेला टाकलेल्या फांद्या निघताना बाजूला करा. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला त्या दिसत नाहीत.

हे सामान वर्षातून दोनदा बाहेर काढा, पावसाळ्याआधी आणि गणपतीला गावी निघण्याआधी. उघडलेली सोल्यूशनची ट्यूब तोवर सुकलेली असते, बॅटरीचे सेल गळलेले असतात आणि पेटीतल्या औषधांची तारीख उलटून गेलेली असते.