आजीचे अडकलेले पैसे काढायला निघण्याआधी

आधार, पॅन, फोटो, झेरॉक्स, निळ्या शाईचं पेन. हे काय सांगायचं? घ्या. झेरॉक्स लागतील त्याच्या दुप्पट घ्या आणि मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नका.

आता कामाचं. नाव. पासबुकावरचं नाव आणि मृत्यू दाखल्यावरचं नाव शेजारी शेजारी ठेवून, एकेक अक्षर बोटाने पुढे सरकत ताडून बघा. बँकेत जाण्याआधी, फॉर्म भरण्याआधी, अगदी शोध घेण्याच्याही आधी. मी हे केलं नाही आणि आठ महिने फुकट घालवले.

झालं असं की आजी गेल्यावर तिच्या पत्र्याच्या पेटीत, शालूच्या घडीत एक पासबुक आणि ठेव पावती सापडली. पावती कधीचीच मुदत संपलेली. पासबुकावर ‘लक्ष्मीबाई ज्ञानू’. मी उड्या मारत बँकेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी पासबुक आणि दाखला शेजारी ठेवले, टोपण न काढलेलं पेन दोन्ही नावांखालून फिरवलं आणि विचारलं, “ह्या आक्काताई ज्ञानदेव कोण?” मी हसून म्हटलं, “आमची आजीच की.” ते हसले नाहीत.

चूक कुणाची? माझीच. दवाखान्यात फॉर्म भरताना नाव मीच सांगितलं होतं. घरात, गल्लीत, भाजीवालीपर्यंत सगळे तिला आक्काच म्हणायचे. आजोबांना कागदावर ज्ञानू म्हणायचे की ज्ञानदेव, हेही मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. आपल्याकडे हे घरोघरी आहे. पाळण्यातलं नाव एक, हाकेचं दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. बाईमाणसाचं तर लग्नात बदललेलं नाव आणि माहेरचं आडनाव धरून पाच होतात. म्हणून एका कागदावर त्या माणसाची आयुष्यभरातली सगळी नावं लिहून काढा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, उद्यावर टाकू नका.

नाव जुळत नसेल तर आधी दाखला दुरुस्त करून घ्या. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे होते, माणूस कुठल्या गावचा होता त्यावर नाही. म्हणजे भुदरगड तालुक्यातला माणूस कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात वारला तर दाखला कोल्हापूर महापालिकेचा, ग्रामपंचायतीत हेलपाटे मारून उपयोग नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात. पुराव्याला आधार, मतदान कार्ड, जुनं रेशन कार्ड, जे असेल ते सगळं न्या. किरकोळ फरक असेल तर काही बँका ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र घेतात. पण कुठल्या नमुन्यात आणि किती रुपयांच्या स्टॅम्पवर, ते आधी त्यांनाच विचारा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात जिथे शंभराचा स्टॅम्प लागायचा तिथे पाचशेचा लागतो. मी जुन्या माहितीवर शंभराचा करून नेला होता. तोही गेला.

आता शोध. ज्या खात्यावर दहा वर्षं काही व्यवहार नाही त्यातली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत भरते. हा निधी २०१४ पासून आहे. सरकारने पैसे खाल्ले असं पारावर सांगतात, तसं काही नाही. हक्क बुडत नाही. मागायचं मात्र रिझर्व्ह बँकेकडे नाही, आपल्याच बँकेकडे. ती तुम्हाला देते आणि मग निधीतून वसूल करते. खातं व्याजाचं असेल तर निधीत गेल्यावरही व्याज चालू राहतं, २०२१ च्या मेपासून साधं ३ टक्के.

शोधायला ‘उद्गम’ नावाचं रिझर्व्ह बँकेचं पोर्टल आहे, ऑगस्ट २०२३ पासून. मोबाईल नंबरने नोंदणी, ओटीपी, मग खातेदाराचं नाव आणि पॅन, मतदान ओळखपत्र, जन्मतारीख यांपैकी काहीतरी. फुकट आहे. पाच टक्के घेऊन शोधून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावा, ओटीपी देऊ नका. आणि नाव! पुन्हा नाव. पोर्टलवर नावं इंग्रजीत आहेत. लक्ष्मीबाई एक्स घालून टाका, के-एस-एच घालून टाका, ‘बाई’ जोडून आणि तोडून टाका, नवऱ्याचं नाव घालून आणि वगळून टाका. मी एकाच स्पेलिंगने शोधून “काही नाही रे” म्हणत लॅपटॉप मिटला होता. दुसऱ्या स्पेलिंगने दोन मिनिटांत सापडलं. सापडलं की पडद्यावरचा संदर्भ क्रमांक लिहून घ्या.

उद्गमवर सगळ्या बँका नाहीत. ज्या नाहीत त्यांच्या वेबसाइटवर दावा न केलेल्या ठेवींची यादी असते, त्यात नाव आणि पत्ता दिसतो. शिवाय बँकेचं नावच बदललेलं असतं. पासबुकावर सांगली बँक असेल तर ती २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली. युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये. सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरात, विजया आणि देना २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात. आणि आपल्या कोल्हापूरची, १९४३ ची रत्नाकर बँक आता आरबीएल म्हणून ओळखली जाते. जुन्या शाखेची पाटी शोधत कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत फिरू नका, आजच्या बँकेच्या कुठल्याही शाखेत विचारा.

पतसंस्थेची ठेव असेल तर मामला वेगळा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाही, उद्गमवर ती दिसणार नाही आणि बँकेसारखं पाच लाखांचं ठेव विमा संरक्षणही नाही. संस्था चालू असेल तर तिच्याच कार्यालयात अर्ज द्या. अवसायनात गेली असेल, म्हणजे बंद करून तिचे देणे-घेणे मिटवायला घेतले असेल, तर ते काम बघणारा अवसायक कोण ते जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे विचारा. मूळ पावती सांभाळा. पावती हरवली असं सांगून सुटका होईल या भरवशावर राहू नका.

दावा करताना वारसांचा प्रश्न येतो. नॉमिनी असेल तर पैसे नॉमिनीला मिळतात, पण तो मालक नसतो, वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. हे भाऊबंदांना आधी समजावा, नंतर समजावणं अवघड जातं. नॉमिनी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंतच्या दाव्यांना सोपी पद्धत आहे. दावा अर्ज, हमीपत्र, वारसाचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र, आणि ज्यांना पैसे नकोत त्यांची ना-हरकत. सगळे कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत निकाल लावायचा आहे. रक्कम त्याच्या वर गेली तर बँक जास्तीचे कागद, न्यायालयाचा वारसा दाखलाही मागू शकते. वारसांत वाद असेल तर न्यायालयच, म्हणजे कोल्हापुरात कसबा बावड्याला जिल्हा न्यायालय आणि वकील.

सातबाऱ्यावर वारस नोंद झाली म्हणजे बँकेचं काम झालं असं समजू नका. ती नोंद जमिनीची. पण जमिनीची रक्कमही अडकलेली असते. रस्त्याला किंवा धरणाला शेत गेलं, मोबदला जाहीर झाला आणि वारसांचे फेरफार न झाल्याने कुणी उचलला नाही, अशी घरं करवीरपासून शाहूवाडीपर्यंत आहेत. फेरफार ऑनलाइन ‘आपली चावडी’वर पाहा, डिजिटल सातबारा १५ रुपयांत काढा आणि तलाठ्याकडे जा. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. मग भूसंपादनाच्या निवाड्यातलं, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशातलं नाव प्रांत कार्यालयात तपासा. नाव जुळतंय का? बघा. आमच्या आजोबांचं सातबाऱ्यावर ‘ज्ञानू’, निवाड्यात ‘ज्ञानोबा’.

बाकीचं झटपट. कंपनीचा लाभांश सात वर्षं घेतला नसेल तर शेअर आणि रक्कम आयईपीएफ, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधी, प्राधिकरणाकडे जातात, अर्जाचा फॉर्म आयईपीएफ-५, शुल्क नाही, शेअर ठेवायचं डीमॅट खातं मात्र आधी उघडा. विम्याची दहा वर्षं न मागितलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, तरी मागणी त्याच विमा कंपनीकडे करायची. नोकरी केलेल्यांचा पीएफ यूएएन, म्हणजे पीएफ खात्याच्या क्रमांकावरून बघा. कारखान्याचे शेअर, दूध संस्थेचं राहिलेलं बिल, हे त्या त्या संस्थेच्या कार्यालयात, पासबुक घेऊन. कंटाळा आला असेल तर एकाच दिवशी सगळं करू नका.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली. पैसे आले की मूळ पासबुक परत मागा, रद्दचा शिक्का मारून का होईना. व्याज आलं तर रिटर्नमध्ये दाखवा. आणि आईला आजच विचारा, आधारवर तुझं नाव काय आहे. मी विचारलं. आधारवर शोभा, पासबुकावर शोभाताई. सोमवारी जातोय.