फोटो बदलला तरी साइटवर जुनाच दिसतोय? आधी हे बघा

सर्व्हरवर नवा फोटो त्याच नावाने टाकला आणि साइटवर जुनाच दिसतोय, तर लगेच पुन्हा पुन्हा अपलोड करत बसू नका, त्याने काहीच होत नाही. आधी फोटोची थेट लिंक उघडा आणि शेवटी प्रश्नचिन्ह देऊन काहीही जोडा, म्हणजे 'व्ही बरोबर २' (?v=2) असं. आता नवा दिसला तर सर्व्हरवर फाइल बरोबर आहे, घोळ कॅशेचा, म्हणजे ब्राउझरने किंवा मधल्या सर्व्हरने साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीचा आहे. तरी जुनाच आला तर बहुतेक फाइल भलत्याच फोल्डरमध्ये गेलीय, किंवा नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक आहे, लिनक्स सर्व्हर ती दोन वेगळी नावं धरतो.

कॅशे असेल तर कंट्रोल शिफ्ट आर दाबा, पण लक्षात घ्या की ते फक्त तुमच्या ब्राउझरपुरतं आहे. क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन (साइटच्या फाइलींच्या प्रती ठेवून लोकांना जवळून देणारी सेवा) लावलं असेल तर तिथे जाऊन त्या एका लिंकचा कॅशे पर्ज करा, म्हणजे पुसून टाका, सगळा उडवायची गरज नसते. वर्डप्रेसमध्ये कॅशे प्लगिन असेल तर तेही क्लिअर करा.

आता खरी अडचण अशी की हेडरमध्ये, म्हणजे सर्व्हर फाइलसोबत पाठवतो त्या सूचनांमध्ये, मॅक्स-एज (प्रत किती वेळ वापरायची ती मुदत) ३१५३६००० सेकंद असेल, म्हणजे अख्खं १ वर्ष, तर ज्यांनी जुना फोटो आधीच बघितलाय त्यांच्या मोबाइलमधून तो तुम्ही काढूच शकत नाही. म्हणून मी तरी फाइलचं नावच बदलतो, लोगो-२ वगैरे, आणि पेजमधली लिंकही बदलतो.