जिलबीचा एक वेढा आणि भिंतीवरचं घड्याळ: वजनाच्या ऑपरेशननंतर या चुका टाळा

ऑपरेशनला पाच महिने झाले होते. रविवारची सकाळ, आणि इंदूरची रविवार सकाळ म्हणजे पोहे-जिलबी. ह्यांनी कोपऱ्यावरून पुडा आणला. मी दोन चमचे पोहे घेतले, शेव बाजूला काढली, जीरावन, म्हणजे पोह्यांवरचा आमचा इंदुरी मसाला, चिमूटभर भुरभुरलं आणि जिलबीचा फक्त एक वेढा मोडून घेतला. एका वेढ्यानं काय होतंय!

पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, मानेवर गार घाम, पोटात गुरगुर, आणि अशी ग्लानी आली की सोफ्यावर आडवीच झाले. सासूबाईंना वाटलं बीपी पडलं. त्या लिंबू-साखर-मिठाचं पाणी घेऊन धावत आल्या आणि मीही ते पेलाभर प्यायले. पुढचा अर्धा तास बाथरूममध्ये गेला.

जिलबी खाल्ली ही चूक होतीच, पण खरी चूक ते सरबत.

माझं गॅस्ट्रिक बायपास झालंय. त्यात जठराच्या वरच्या भागाची जेमतेम 30 मिलीलिटरची पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. जठराच्या खालच्या टोकाला एक झडप असते, ती अन्न थोडं थोडं पुढे सोडते. आता ती वाटेतच लागत नाही. पाक तसाच आतड्यात जातो, तिथे रक्तातलं पाणी ओढलं जातं, म्हणून घाम, धडधड, जुलाब. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. अशा वेळी साखरेचं पाणी देणं म्हणजे आगीत तेल. गुपचूप आडवं व्हायचं, वाट बघायची आणि बरं वाटल्यावर साधं पाणी घोट घोट घ्यायचं. स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची नळी करण्याचं ऑपरेशन, झालेल्यांना हा त्रास कमी होतो, पण होतच नाही असं नाही.

त्या दिवसापासून काहीही झालं की मी आधी घड्याळ बघते. ‘पोट बिघडलं’ हे एकच नाव सगळ्याला देणं, ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. खाल्ल्यावर किती वेळाने त्रास झाला, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

घास खातानाच अडकला तर पाणी पिऊ नका

पोळीने मला सगळ्यात जास्त रडवलं. ताजी, मऊ, तूप लावलेली पोळी, आणि तिसऱ्या घासाला छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं. तोंडात फेसाळ लाळ भरायला लागली. लहानपणापासूनची सवय अशी की घास अडकला की पाणी. पण इथे पाणी खाली जातच नाही, घासाच्या वर साचतं आणि सगळं उलटून येतं. खाणं थांबवा, उभं राहा, घरातल्या घरात फेऱ्या मारा. पाव, मोकळा फडफडीत भात, कोरडं चिकन हीसुद्धा अडकणारीच मंडळी. करंगळीच्या नखाएवढा घास, तो तोंडातच पातळ होईपर्यंत चावायचा आणि मधे चमचा खाली ठेवायचा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर निदान अर्धा तास तरी नाही. भाकरी मी आता वरणात भिजवूनच खाते.

स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येईना, तर घरी थांबू नका. आणि आधी जाणारे मऊ पदार्थही आठवड्या-आठवड्याने अडकायला लागले, तर जोडाची जागा अरुंद झाली असू शकते. दुर्बिणीतून फुग्याने ती रुंद करता येते. ‘मीच नीट चावत नाही’ असं म्हणून महिनोन्‌महिने सोसणारे असतात. तसं करू नका.

दोन तासांनी हात कापायला लागले तर

चैत्रात आत्याकडे रामबागेत हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ पचली. पन्हं अर्धा पेला घेतलं, तेव्हा काही झालं नाही, म्हणून मी खूश. दोन तासांनी घरी हात थरथरायला लागले, वखवखल्यासारखी भूक लागली आणि समोर बोलणाऱ्या मुलीचं बोलणं कळेना. सासूबाईंच्या मशीनवर साखर बघितली: 54.

हेही डम्पिंगच, पण उशिराचं. साखर एकदम चढली की शरीर इन्सुलिन जास्त सोडतं, आणि खाल्ल्यावर एक ते तीन तासांत साखर पार खाली येते. इथे मात्र थोडी ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यावीच लागते. लोक फसतात ते पुढे. बरं वाटलं की जिवाला आधार म्हणून आणखी गोड खातात आणि पुन्हा तेच चक्र. त्याऐवजी पनीरचे तुकडे, उकडलेलं अंडं असं काही खा. हे वारंवार होत असेल, तर काय खाल्लं आणि किती वाजता त्रास झाला ते वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

काही किरकोळ, एक मुळीच नाही

आपली इंदुरी शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे, ती दाट, गोड, दुधाची. ऑपरेशननंतर काहींना दूध पचेनासं होतं: पोट फुगतं, कळा येतात. मला ताक चालतं, दूध नाही. चहाचा वास नकोसा होणं, आवडती भाजी बेचव लागणं हेही होतं. बहुतेकांचं हळूहळू निवळतं. गॅस झाला म्हणून सोडा पिऊ नका. डोकं दुखलं म्हणून मनाने आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका, त्याने जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो.

उलट्यांचं मात्र वेगळं. ‘ऑपरेशन झालंय, उलट्या होणारच’ हे वाक्य आमच्या घरातही ऐकलंय. दिवसभर पाणीसुद्धा टिकत नसेल, ताप असेल, पोटात जोराचं दुखत असेल, शौचाला काळी होत असेल, तर लगेच दवाखाना. सतत उलट्या झाल्या की बी-वन जीवनसत्त्व झपाट्याने संपतं. एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं ही त्याची खूण. नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर हे आणखी बिघडू शकतं. म्हणून ड्यूटीवरच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: बायपास झालंय, उलट्या इतके दिवस आहेत, सलाइनआधी बी-वन द्यायचं का?

सराफ्याला, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, मी अजून जाते. चौघांत एक प्लेट घ्यायची पद्धत तिथे आहेच, त्यामुळे कुणाला वेगळं काही सांगावं लागत नाही. भुट्ट्याचा कीस दोन चमचे चालतो, दूध त्यात बेताचंच असतं. गराडू, म्हणजे थंडीत मिळणारा तळलेला कंद, अजून जमलेला नाही. येत्या थंडीत एक तुकडा खाऊन बघणार आहे, पाण्याची बाटली गाडीतच ठेवून.