टॉरचा रिले चालवताना या चुका टाळा

टॉर म्हणजे इंटरनेटवर आपली ओळख लपवून वावरू देणारे जाळे, आणि ते कोणा एका कंपनीच्या यंत्रांवर चालत नाही. जगभरातले स्वयंसेवक पदरमोड करून जे काही हजार रिले, म्हणजे माहिती पुढे पाठवणारी यंत्रे, चालू ठेवतात, त्यांतल्या तीन रिलेंच्या साखळीतून वापरकर्त्याची माहिती पुढे सरकते आणि प्रत्येक रिले तिच्यावरचा सांकेतिक आवरणाचा एकेक पापुद्रा सोलतो. असा रिले उभा करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. तो नीट टिकवणे महिनोन्महिने चालते, आणि मी पाहिलेल्या बिघाडांपैकी निम्म्याहून अधिक हे दुर्लक्षामुळे नव्हे, तर चालकाच्या उतावळेपणामुळे झालेले आहेत.

सर्वांत आधी ऐकू येणारी तक्रार म्हणजे नव्या रिलेवर वाहतूकच येत नाही. ती येणारच नसते. पहिले सुमारे तीन दिवस रिलेच्या वेगाचे मोजमाप झालेले नसते आणि तोवर त्याचे वजन, म्हणजे तो निवडला जाण्याचे प्रमाण, सेकंदाला २० किलोबाइटांच्या हिशेबानेच धरले जाते, मग तुमची जोडणी कितीही रुंद असो. मोजमाप सुरू झाले की आलेख चढू लागतो. आठव्या दिवसाच्या सुमारास रिलेला 'गार्ड', म्हणजे साखळीतली पहिली कडी, ही खूण मिळू शकते आणि इथेच नवखा चालक गडबडतो, कारण बढती मिळताच वाहतूक वाढण्याऐवजी चक्क घटते. कारण साधे आहे. हा रिले आता गार्डच्या कामात गुंतलेला असेल असे गृहीत धरून इतर जण त्याला मधल्या कडीसाठी कमी निवडतात, तर दुसरीकडे वापरकर्ते आपला गार्ड महिनोन्महिने बदलत नसल्याने नव्या गार्डकडे ते थेंबाथेंबाने येतात. आलेख स्थिरावायला साधारण ६८ दिवस लागतात. त्या घसरणीत पोर्ट बदलणे, वेगमर्यादेशी खेळणे किंवा सगळे पुसून नवा रिले उभारणे म्हणजे अंकुर फुटला का हे पाहण्यासाठी रोज बी उकरून काढण्यासारखे आहे.

पुसून नवा उभारण्यात नेमके काय गमावले जाते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. भाड्याचा सर्व्हर बदलताना 'टॉरआरसी' ही मांडणीची फाइल मी जपून नेली आणि जुने यंत्र निर्धास्तपणे रद्द केले. रिलेची ओळख मात्र त्या फाइलीत नसते. डेबियन या लिनक्स प्रणालीवर ती टॉरच्या माहितीच्या फोल्डरातल्या 'कीज' नावाच्या उपफोल्डरात असते आणि तिथल्या किल्ल्यांवरूनच रिलेचा फिंगरप्रिंट, म्हणजे जाळ्यातला ओळखक्रमांक, ठरतो. त्या गेल्या की जमवलेली सगळी पत गेली. जाळ्याच्या दृष्टीने तो कालच जन्मलेला रिले ठरतो. म्हणून स्थलांतराआधी 'कीज' फोल्डरची प्रत सांकेतिक स्वरूपात दुसरीकडे ठेवावी. नव्या यंत्रावर ती रूट वापरकर्त्याने उतरवली, तर फायलींची मालकी 'डेबियन-टॉर' या वापरकर्त्याकडे द्यायला विसरू नये, नाहीतर टॉर सुरूच होत नाही. जुने आणि नवे यंत्र एकाच किल्ल्यांवर एकाच वेळी चालवू नये, हेही ध्यानात असावे. मात्र यंत्रात कोणी घुसल्याचा संशय असेल, तर याच किल्ल्या न हळहळता टाकून द्याव्यात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड हा दोष उघड झाला, तेव्हा असंख्य चालकांना तेच करावे लागले होते.

रिले 'चालू आहे' ही समजूत कशाच्या आधारावर आहे, तेही तपासून पाहावे. डेबियन किंवा उबुंटूवर 'सिस्टमसीटीएल स्टेटस टॉर' ही आज्ञा दिली की हिरव्या अक्षरांत 'अ‍ॅक्टिव्ह' आणि कंसात 'एक्झिटेड' असे दिसते. हिरवे पाहून काही जण समाधान मानतात, तर काही जण कंसातला शब्द वाचून घाबरतात. दोघेही चुकतात, कारण ती नुसती नावापुरती सेवा असते. खरे काम 'टॉर अ‍ॅट डीफॉल्ट' या नावाची सेवा करते आणि लॉगही तिचाच वाचायचा असतो. त्यात तुमचा ओआरपोर्ट, म्हणजे इतर रिले ज्यावर जोडले जातात ते दार, बाहेरून गाठता येतो, अशा अर्थाचे वाक्य शोधावे. त्याला जोडून 'एक्सलंट' अशी शाबासकीही असते. ते वाक्य दिसत नसेल, तर रिले जाळ्यात पोहोचलेलाच नाही.

भाड्याच्या सर्व्हरवर याचे कारण बहुधा फायरवॉल असते, आणि तीही अनेकदा दोन ठिकाणी: एक यंत्रात, दुसरी सर्व्हर देणाऱ्याच्या नियंत्रण-पानावर. आपल्याकडे घरच्या ब्रॉडबँडवर प्रयोग करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. बऱ्याच जोडण्यांवर अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता दिलेला असतो. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात सुरू होत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगवर कितीही रात्री घालवल्या तरी उपयोग नाही. स्थिर पत्ता पैसे मोजून घ्यावा किंवा तो नाद सोडावा. केवळ आयपीव्ही६ वर रिले चालत नाही; त्याला आयपीव्ही४ लागतोच. उलट आयपीव्ही६ अर्धवट चालत असेल तर ते अधिक घातक, कारण जाहीर केलेला पत्ता डिरेक्टरी ऑथॉरिटींना, म्हणजे रिलेंची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरांना, गाठता आला नाही, तर त्या अशा रिलेला 'रनिंग' ही खूण देत नाहीत. अशा वेळी ओआरपोर्टच्या ओळीत 'आयपीव्ही४ओन्ली' लिहून मोकळे व्हावे.

घरच्या जोडणीबद्दल माझे मत थोडे कडक आहे. टॉरच्या मार्गदर्शनानुसार रिलेला एकाच वेळी किमान ७,००० जोडण्या पेलता आल्या पाहिजेत, आणि घरगुती राउटर त्याआधीच मान टाकतो. शिवाय प्रत्येक रिलेचा पत्ता सार्वजनिक यादीत असतो. तो साखळीतला शेवटचा, बाहेर पडण्याचा रिले आहे की मधला, हे न पाहता यादीतले सगळेच पत्ते अडवणारी संकेतस्थळे असतात. घरातल्या कोणाचे नेटबँकिंग अचानक उघडेनासे झाले, तर त्याचे मूळ तुमच्या कपाटावरच्या छोट्या यंत्रात असू शकते. घरूनच हातभार लावायचा असेल, तर ब्रिज, म्हणजे टॉरमध्ये शिरण्याचा गुप्त रिले, चालवावा, कारण त्याचा पत्ता त्या यादीत येत नाही.

पैशाचा फटका बसवणारी चूक एककांची आहे. मांडणीत 'एमबी' लिहिले की टॉर ते मेगाबाइट समजतो. सर्व्हर देणारे मात्र मेगाबिटांत बोलतात, त्यामुळे सेकंदाला १० मेगाबिट द्यायचे ठरवून 'रिलेबँडविड्थरेट' मध्ये '१० एमबी' लिहिणाऱ्याने प्रत्यक्षात आठपट दान केलेले असते. 'एमबिट्स' असे स्पष्ट लिहावे. दुसरी गफलत 'अकाउंटिंगमॅक्स'ची: ही मर्यादा मुळात येणारी आणि जाणारी वाहतूक वेगवेगळी मोजते. ५०० जीबी लिहिले, तर दोन्ही मिळून सुमारे १,००० जीबी वापरले जाऊ शकतात, आणि सर्व्हर देणारा दोन्ही धरत असेल तर महिनाअखेरीस बिल पाहून डोळे पांढरे होतात. मर्यादा संपली की रिले झोपी जातो आणि नव्या महिन्यात तो एक तारखेलाच जागा होईल असेही नाही, कारण जागे होण्याची वेळ टॉर मुद्दाम पुढेमागे करतो. हा बिघाड नव्हे. माझ्या मते मात्र महिन्यातले दहा दिवस भरधाव धावून मग निजणाऱ्या रिलेपेक्षा बेताच्या वेगाने महिनाभर जागा राहणारा रिले अधिक उपयोगाचा.

टॉर मेट्रिक्सच्या रिले शोधण्याच्या पानावर आपल्या रिलेच्या नावापुढे अतिभाराचा पिवळसर ठिपका दिसला, तर लगेच मोठा सर्व्हर घेऊ नये. आधी लॉग पाहावा. उघड्या फायलींची मर्यादा कमी असेल, तर नव्या जोडण्या नाकारल्या जातात. हे विशेषतः स्वतः संकलित केलेल्या टॉरमध्ये आढळते, डेबियनच्या पॅकेजात ती मर्यादा आधीच वाढवलेली असते. स्मृती अपुरी असेल, तर तसा इशारा मिळतो. प्रोसेसरचा एकच गाभा शंभर टक्क्यांवर आणि बाकीचे निवांत असतील, तर आश्चर्य वाटू नये. टॉरचे बहुतेक काम एकाच धाग्यात चालते, म्हणून अधिक गाभे घेण्यापेक्षा दुसरा रिले सुरू करणे फायद्याचे. दुरुस्तीनंतरही तो ठिपका ७२ तास तसाच राहतो. त्या तीन दिवसांत पुन्हा हात घालू नये.

दुसरा रिले सुरू केला की 'मायफॅमिली' आलीच. आपल्या प्रत्येक रिलेच्या मांडणीत आपल्या इतर रिलेंचे फिंगरप्रिंट लिहावे लागतात, आणि एका बाजूनेच लिहिले तर ते नाते धरले जात नाही. एका साखळीची दोन्ही टोके एकाच माणसाच्या हातात जाऊ नयेत, यासाठी ही तरतूद आहे. एकाच /१६ गटातले, म्हणजे पहिले दोन आकडे सारखे असलेले, दोन पत्ते टॉर स्वतःहून टाळतो, पण दोन वेगळ्या देशांतली यंत्रे एकाच्याच मालकीची आहेत, हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. ब्रिजचा फिंगरप्रिंट मात्र या यादीत कधीही घालू नये.

बाहेर पडण्याचा रिले, म्हणजे एक्झिट, हा वेगळाच प्रांत आहे आणि पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला न जाणे बरे. जायचेच असेल, तर सर्व्हर देणाऱ्याची लेखी परवानगी, वेगळा आयपी पत्ता आणि तक्रारींना उत्तर देणारा, खरोखर वाचला जाणारा ईमेल या तीन गोष्टी आधी हव्यात. भारतात भाड्याने सर्व्हर घेताना सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवादाराला ग्राहकाचा तपशील पाच वर्षे जपावा लागतो, हेही ठाऊक असावे. एक्झिटवरील संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधण्याचे काम मोठ्या कंपन्यांच्या सार्वजनिक डीएनएसकडे सोपवू नये, कारण मग हजारो लोक काय पाहतात याचा सुगावा एकाच जागी साठतो. त्यासाठी यंत्रावरच 'अनबाउंड' हे पत्ते शोधणारे सॉफ्टवेअर बसवावे. आणि बिघाड शोधण्याच्या निमित्ताने लॉगची पातळी 'डीबग'वर नेऊन तशीच विसरणे किंवा वाहतूक टिपणारे साधन चालू ठेवणे हा तर वापरकर्त्यांचा विश्वासघातच होय.

अद्ययावत न करणे ही चूक सर्वांना माहीत असते आणि तरीही सर्वाधिक होते. दीर्घकाळ अखंड चालल्याची 'स्टेबल' खूण जाईल म्हणून काही जण रिले पुन्हा सुरू करण्याचे टाळतात. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये कालबाह्य आवृत्त्यांवरचे ८०० हून अधिक रिले, म्हणजे त्या वेळच्या जाळ्याचा सुमारे साडेतेरा टक्के भाग, सरळ बाहेर काढण्यात आला होता. टॉरच्या स्वतःच्या पॅकेज-भांडारातून आपोआप अद्ययावत होण्याची सोय करून ठेवावी. केवळ मांडणी बदलली असेल, तर आधी 'व्हेरिफाय-कॉन्फिग' चालवून ती तपासावी आणि 'रीस्टार्ट'ऐवजी 'रीलोड' करावे, म्हणजे चालू जोडण्या तुटत नाहीत. एरवी लॉगमध्ये दर सहा तासांनी उमटणारी 'हार्टबीट'ची ओळ आठवड्यातून एकदा वाचली तरी पुरते: रिले किती वेळ जागा आहे, किती साखळ्या उघड्या आहेत, किती माहिती आली आणि गेली.