शहरात किती माल आला, किती कचरा झाला: मोजताना या चुका टाळा

शहराच्या आवक-जावकीचा हिशेब मांडायला बसलं की पहिला आकडा हाती येतो तो कचरा डेपोच्या वजनकाट्यावरचा. पावतीवर छापलेला असतो, म्हणून त्यावर चटकन विश्वास बसतो आणि पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं राहतं. माझ्या मते बहुतेक हिशेब इथेच फसतात.

त्याआधी हद्दीचं बघा. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. आधीच्या ११ पैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४ मध्ये वेगळ्या नगरपरिषदेसाठी वगळली गेली. अशा वेळी २०१६ आणि २०२२ चे आकडे शेजारी ठेवून ‘कचरा वाढला’ म्हणणं चूक आहे. त्या वाढीत नव्या गावांचा कचराही आहे. मालाचंही तसंच. वाघोलीच्या खाणीतली खडी २०२१ पर्यंत बाहेरून आलेली धरायची, त्यानंतर शहरातच काढलेली. म्हणून एकच हद्द नकाशावर आखा आणि जुने आकडे तिच्यात बसवून घ्या. पिंपरी-चिंचवड धरायचं की नाही, हेही आधीच ठरवा.

सगळ्यात मोठा घोळ पाण्याचा. जुलैत काट्यावर उभ्या गाडीखालून काळं पाणी गळत असतं. त्या पाण्याचंही वजन पावतीत लागलेलं असतं. समजा कचऱ्यात कोरडा ऐवज ४० किलो आहे. ओलावा ६० टक्के असेल तर वजन भरतं १०० किलो, ७० टक्के असेल तर १३३. लोकांनी एक सालही जास्त टाकलेली नाही, तरी कागदावर कचरा एक तृतीयांशाने वाढला! उपाय कष्टाचा आहे, पण तो केलाच पाहिजे. गाडी रिकामी करून ढीग नीट कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा कालवा. हाताळता येईल एवढा नमुना उरला की तो भट्टीत १०५ अंशांना वजन स्थिरावेपर्यंत वाळवा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, तिन्ही ऋतूंत हे करा. ओलं आणि कोरडं वजन वेगळ्या रकान्यांत लिहा. खत प्रकल्पात गेलेल्या १० टनांचं खत फार कमी का निघालं, याचंही उत्तर बरंचसं इथेच मिळतं: उरलेलं वाफ आणि वायू होऊन हवेत जातं. ते कुणी लपवलेलं नसतं.

वाळू-खडी ब्रासमध्ये येते, कचरा टनात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. खडी असेल तर ढोबळमानाने चार-सव्वाचार टन. राडारोड्याला हाच गुणक लावू नका, त्यात पोकळी किती हे प्रत्येक खेपेला बदलतं. दोन-चार गाड्या प्रत्यक्ष काट्यावर घालून बघा.

आता जे काट्यावर येतच नाही त्याचं. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, स्वच्छ ही सहकारी संस्था २००८ पासून घरोघरी कचरा गोळा करते. या बायका पुठ्ठा, बाटल्या, पत्रा वेगळा काढून थेट भंगारच्या दुकानात विकतात. तो माल सोडला तर त्यांचे कष्टच हिशेबातून पुसले जातात, आणि हे मला फार खुपतं. दुकानातल्या किलोच्या नोंदी मागा. मात्र तोच गठ्ठा पुढे मोठ्या गोदामातही तोलला जातो, तेव्हा एकाच टप्प्यावर मोजा. घंटागाडीचा कचरा हस्तांतरण केंद्रावर आणि पुन्हा प्रकल्पावर मोजला जातो, तिथेही हीच काळजी घ्या.

शेवटी आवक आणि जावक जुळणार नाहीत, आणि त्या जुळायच्याही नसतात. सिमेंट, खडी, लोखंड इमारतींत पन्नास-पन्नास वर्षं राहतं. हा साठा वेगळा दाखवा. तरीही फरक उरला तर आधी गाड्यांचं रिकामं वजन पुन्हा घ्या, कारण ते अनेकदा जुन्याच नोंदीवरून वजा होत असतं. मग दुबार नोंदी शोधा, मग ओलावा तपासा. त्यानंतर उरेल ते ‘तफावत’ म्हणून स्वतंत्र ओळीत लिहा. ‘इतर’मध्ये ढकलू नका.