वेबसाइटच्या फॉर्ममध्ये कोणी ‘४११०३०’ हा पिनकोड देवनागरीत टाइप केला तर?

मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक सहज टाइप होतात, आणि बरेच फॉर्म ते चुकीचे ठरवून परत पाठवतात. हा वापरणाऱ्याचा दोष नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्रातला) ‘बॅकस्लॅश डी’ फक्त इंग्रजी अंक ओळखतो आणि मजकुराची संख्या करणाऱ्या नंबर() ला देवनागरी अंक दिले की उत्तर नॅन, म्हणजे ‘ही संख्या नाही’, असं येतं. सर्व्हरवर पायथन ३ असेल तर ते मात्र तेच अंक int() या संख्या करणाऱ्या फंक्शनमध्ये बिनतक्रार घेतं. म्हणून ब्राउझर आणि सर्व्हर यांचे निकाल वेगळे लागतात.

उपाय सोपा आहे: तपासण्याआधी अंक बदलून घ्या. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो; देवनागरी शून्याचा दशमानात २४०६, नऊचा २४१५. क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हाती येतो. स्पेस आणि स्वल्पविरामही तेव्हाच काढा, कारण मजकुरातून पूर्णांक वाचणाऱ्या जावास्क्रिप्टच्या पार्सइंट() ला इंग्रजी अंकांतले ‘१,२५,०००’ दिले तर ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबून १ देतं. सव्वा लाखाचा एक रुपया! रिकामी चौकटही आधी वेगळी तपासा. नंबर() तिला शून्य समजतं.

पिनकोड, मोबाइल क्रमांक यांच्या चौकटीला एचटीएमएलमध्ये ‘नंबर’ टाइप देऊच नका. त्यात मॅक्सलेंग्थ (जास्तीत जास्त अक्षरांची मर्यादा) चालत नाही, ‘ई’ अक्षर आणि उणे चिन्ह चालतं. टाइप ‘टेक्स्ट’ ठेवा आणि इनपुटमोड ‘न्यूमेरिक’ द्या. मोबाइलवर अंकांचाच कीपॅड उघडेल. पिनकोड सहा अंकी, पहिला अंक शून्य नाही, एवढा नियम पुरे. हीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करा, कारण ब्राउझरमधली कोणालाही बंद करता येते.