शीतशुष्क पेप्टाइडचे द्रावण : कुपी उघडण्यापूर्वी आणि उघडल्यानंतर

शीतशुष्क, म्हणजे गोठवून वाळवलेल्या पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या) कुपीत द्रावक घालायला अर्धे मिनिट पुरते, आणि कित्येक आठवडे वाट पाहून मिळालेला नमुना वाया जायलाही तेवढाच वेळ पुरतो. या कामातल्या चुका पिपेट हातात घेतल्यावर होताना दिसतात खऱ्या, पण त्यांचे मूळ बहुधा आधी न केलेल्या हिशेबात असते. म्हणून झाकणाला हात लावण्यापूर्वी वही उघडावी.

पहिला हिशेब वजनाचा. कुपीवर ५ मिलिग्रॅम लिहिले आहे म्हणून आत ५ मिलिग्रॅम पेप्टाइड आहे असे गृहीत धरू नये. शुद्धीकरणात सहसा ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्ल वापरलेले असते. त्याचे आयन पेप्टाइडच्या धनभारित गटांशी जोडलेले राहतात, शिवाय शीतशुष्कनानंतरही थोडे पाणी शिल्लक असते. पुरवठादाराच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) शुद्धता आणि निव्वळ पेप्टाइडचे प्रमाण, म्हणजे पावडरच्या एकूण वजनातला पेप्टाइडचा वाटा, असे दोन वेगळे आकडे असतात आणि नवखा विद्यार्थी हमखास पहिल्यालाच दुसरा समजतो. शुद्धता ९८ टक्के असूनही निव्वळ प्रमाण ६० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान असू शकते. उदाहरणार्थ, अँजिओटेन्सिन-२ हे आठ अमिनो आम्लांचे पेप्टाइड घ्या. त्याचा रेणुभार सुमारे १०४६ आहे. कुपीत एकूण ५ मिलिग्रॅम पावडर आणि निव्वळ प्रमाण ८० टक्के असेल, तर प्रत्यक्ष पेप्टाइड ४ मिलिग्रॅम, म्हणजे ३.८२ मायक्रोमोल भरते आणि १ मिलिमोलर द्रावणासाठी ३.८२ मिलिलिटर द्रावक लागतो. पूर्ण ५ मिलिग्रॅम धरून ४.७८ मिलिलिटर घातले, तर द्रावण ०.८ मिलिमोलरच होते आणि पुढच्या सर्व मोजमापांत ती तूट मुकाट्याने उतरते. काही पुरवठादार कुपीवर निव्वळ वजनच छापतात. तेव्हा तीच वजावट दुसऱ्यांदा करू नये.

दुसरा हिशेब विद्युतभाराचा आहे. लायसिन, आर्जिनिन, हिस्टिडिन आणि मोकळे अमिनो टोक यांना प्रत्येकी अधिक एक, तर अॅस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल आणि मोकळे कार्बोक्सिल टोक यांना प्रत्येकी उणे एक असे धरून बेरीज करावी. टोके अॅसिटिल किंवा अमाइड गटांनी झाकलेली असल्यास ती मोजू नयेत. बेरीज धन आली तर आधी शुद्ध पाणी आणि त्याने न विरघळल्यास १० टक्क्यांपर्यंत अॅसेटिक आम्ल वापरून पाहावे. बेरीज ऋण आली तर पाण्यानंतर विरल अमोनिया किंवा अमोनियम बायकार्बोनेटकडे वळावे. मात्र साखळीत मोकळे सिस्टीन असेल तर अल्कधर्मी द्रावक टाळावा, कारण पीएच ७ च्या वर त्याचे ऑक्सिडेशन होऊन डायसल्फाइड बंध झपाट्याने तयार होतात. अॅसेटिक आम्ल आणि अमोनियम बायकार्बोनेट ही दोन्ही बाष्पनशील असल्यामुळे, प्रयत्न फसला तरी नमुना पुन्हा शीतशुष्क करून मूळ जागी येता येते. ज्या वाटेने परत फिरता येते ती आधी चालून पाहावी, हा या निवडीमागचा साधा विचार आहे.

डायमिथिल सल्फॉक्साइड, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातले डीएमएसओ, यातून परत फिरणे अवघड असते. साखळीत जलविरोधी अमिनो आम्लांचे प्राबल्य असेल आणि पाणी साथ देत नसेल तेव्हाच ते कमीत कमी आकारमानात घ्यावे आणि पेप्टाइड पूर्ण विरघळल्यावर ते द्रावण ढवळत्या बफरमध्ये (पीएच स्थिर राखणाऱ्या द्रावणात) थेंबाथेंबाने सोडावे. गढूळपणा दिसू लागला की विद्राव्यतेची मर्यादा आली असे समजून थांबावे. मेथिओनिन किंवा मोकळे सिस्टीन असलेल्या पेप्टाइडांचे डीएमएसओमुळे ऑक्सिडेशन होऊ शकते; त्यांच्यासाठी डायमिथिल फॉर्मामाइड बरे. जाता जाता, डीएमएसओ १८.५ अंश सेल्सिअसला गोठते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी फडताळातली बाटली घट्ट झालेली दिसली तर ती खराब झाली म्हणून फेकू नये, कोमट जागी ठेवून वितळू द्यावी.

पुण्याच्या हवेचा विचार दोन ऋतूंत दोन प्रकारे करावा लागतो. पावसाळ्यात शीतकपाटातून काढलेली कुपी लगेच उघडली तर हवेतले बाष्प थेट पावडरवर बसते. एका जुलैमध्ये आमच्या डोळ्यांदेखत पांढरी भुसभुशीत पावडर आक्रसून तळाशी चिकट ठिपका उरला, आणि त्यानंतर तिच्या वजनाला काही अर्थ राहिला नाही. त्यामुळे बंद कुपी डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद पात्रात) ठेवून पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. घाई असली तरी अर्धा-पाऊण तास द्यावाच. एप्रिलच्या कोरड्या दुपारी अडचण उलटी असते. स्थिर विद्युतभारामुळे हलकी पावडर चमच्यावरून उडते, म्हणून त्या दिवसांत थोडी थोडी पावडर तोलत बसण्यापेक्षा संपूर्ण कुपीच विरघळवणे शहाणपणाचे.

उघडण्यापूर्वी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवून झाकणाला लागलेली पावडर तळाशी आणावी. नंतर द्रावक भिंतीवरून हळू सोडावा आणि कुपी हलकेच गोल फिरवावी. जोराने हलवल्यास फेस होतो आणि काही पेप्टाइडे एकत्र येऊन गुठळ्या होतात. सुरुवातीलाच क्षारयुक्त बफर घालू नये. आधी पाण्यात विरघळवून मग बफरने विरल करावे. काही कण उरल्यास पाण्याच्या सॉनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या उपकरणात) थोडा थोडा वेळ धरावे आणि मधे बर्फावर थंड करावे. द्रावण उजेडासमोर धरल्यावर काचेसारखे स्वच्छ दिसले तरच विरघळले असे म्हणावे.

संहती शेवटी मोजून पाहावी. अँजिओटेन्सिन-२ मध्ये एक टायरोसिन आहे आणि २८० नॅनोमीटर तरंगलांबीला त्याचा मोलर शोषणांक, म्हणजे प्रकाश शोषण्याच्या क्षमतेचा आकडा, सुमारे १४९० आहे, म्हणून १ मिलिमोलर द्रावण पाचपट विरल केल्यावर एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक पात्रात) शोषण ०.३० च्या आसपास यायला हवे. साखळीत टायरोसिन, ट्रिप्टोफॅन किंवा डायसल्फाइड बंध नसेल तर ही तरंगलांबी उपयोगाची नाही.

पेशींवरील प्रयोगात तेवढाच डीएमएसओ असलेले, पण पेप्टाइड नसलेले नियंत्रण, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, ठेवावेच. ट्रायफ्लुरोअॅसेटेटचा पेशींवर स्वतंत्र परिणाम होऊ शकतो, त्यामुळे संवेदनशील प्रयोगासाठी अॅसेटेट किंवा हायड्रोक्लोराइड स्वरूपातले पेप्टाइड मागवावे. संशोधनासाठी म्हणून विकलेल्या या कुप्या माणसांत वापरण्यासाठी नसतात.

तयार द्रावण एका वेळेला पुरेल एवढ्या भागांत, कमी चिकटणाऱ्या पॉलिप्रोपिलीनच्या नळ्यांत वाटून उणे २० किंवा उणे ८० अंशांना ठेवावे. आपोआप बर्फ वितळवणारे फ्रीजर यासाठी वापरू नये, कारण त्याचे तापमान सतत खालीवर होत राहते. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याची पुणेकरांना सवय आहे. फ्रीजर जनरेटरच्या लाइनवर आहे की नाही हे एकदा स्वतः पाहून घ्यावे. अॅस्परॅजिन, ग्लुटामिन, मेथिओनिन किंवा सिस्टीन असलेली द्रावणे गोठवूनही फार दिवस ठेवू नयेत. उरलेली पावडर मात्र कोरडी आणि घट्ट बंद ठेवल्यास पुष्कळ काळ टिकते. प्रत्येक नळीवर पेप्टाइडचे नाव, बॅच क्रमांक, निव्वळ प्रमाण धरून काढलेली संहती, द्रावक आणि तारीख लिहावी, आणि एकदा वितळवलेल्या नळीत काही उरले तर ते पुन्हा गोठवू नये.